बाईंनी समजावलेला विहिरीतला थेंब

मंडळी, आज उमरेडच्या बसमध्ये शेजारच्या आजींनी मला निरखून विचारलं, "तू आमच्या शाळेतल्या बाईंची पोरगी काय वं?"

मी हो म्हणताच त्या सांगू लागल्या. ऐंशीच्या दशकात त्यांच्या गावात लेकरं हगवणीनं आजारी पडत होती. नागपूरहून एक शास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शक घेऊन आले. त्यांचं 'सूक्ष्मजंतू' कोणालाच कळेना. तेव्हा त्यांनी माझ्या आईलाच विचारलं, "बाई, तुम्ही कसं सांगाल?"

आई म्हणाली, "डोळ्याले दिसत नाही असे किडे आहेत पाण्यात. या, पाहा."

"विहिरीचा थेंब पाह्यला अन् अंगावर काटा आला," आजी म्हणाल्या. "तवापासून लेकरायले पाणी उकळूनच देल्लं. माझी पोरगी त्याच्यानं वाचली."

आईनं हे घरी कधी सांगितलंच नव्हतं. आज ऊर भरून आला. तुम्हाला अवघड गोष्ट अशी आपल्या बोलीत कोणी समजावली होती?