वरची तीन इंच माती

माघातला रविवार, सकाळचे आठ. हजर: आम्ही बावीस विद्यार्थी, एक प्राध्यापक आणि जमादार. प्रत्येकाच्या वाट्याला शंभर घनफूट माती. जागा, शहराबाहेर खजरान्यापलीकडच्या एका गावासाठी खणायचं तळं.

मध्यभारत राज्य होतं तेव्हाची गोष्ट. श्रमदानाचं प्रमाणपत्र नसेल तर परीक्षेचा फॉर्म घेणार नाही, अशी नोटीस कॉलेजात लागली होती.

जमादार होळकरांच्या वेळेपासून बांधकामावर होते. माप घेताना चपला काढायचे, काठी लावायचे आणि आकडा दोनदा म्हणायचे. "एकदा तुमच्यासाठी भिया, एकदा माझ्यासाठी." तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, त्यांच्यासमोर आपण उगाच शर्ट नीट करतो.

खोली कळावी म्हणून खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट न खणता ठेवायचा असे. त्याला ते साक्षीदार म्हणत. खुंटाच्या माथ्यापासून तळापर्यंत जेवढी काठी, तेवढी खोली.

आम्ही पाच जण एका खड्ड्यावर होतो. पंचवीस फूट बाय वीस फूट, खोली बारा इंच. नऊ इंचांवर हातांना फोड आले. "गणितात पहिला येतोस ना? मग काढ काही तोड," असं एकाने मला टोचलं. मी काढली. शेजारच्या जमिनीतून तीन इंच जाडीचा गवतासकट थर कापला आणि खुंटावर टोपीसारखा बसवला. सव्वाशे घनफूट काम वाचलं.

जमादारांनी काठी लावली. खुंटाकडे जरा वेळ पाहिलं आणि परीक्षा कधी आहे ते विचारलं. मी मार्चमध्ये म्हणालो.

"बारा," ते म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले नाहीत. संध्याकाळी प्राध्यापकांनी आमच्या प्रमाणपत्रांवर सही केली.

पुढच्या रविवारी समारोपाला ओव्हरसियर आले. कापलेलं गवत तेवढ्या दिवसांत पिवळं पडलं होतं. त्यांनी बुटाने ढकललं, तशी टोपी खाली पडली. पोरांनी कचोरी खिलवली का, असं त्यांनी जमादारांना सगळ्यांसमोर विचारलं.

"नजर कमी झाली, साहेब. चूक माझी."

प्रमाणपत्र माझ्या खिशात होतं. पाचांपैकी कोणीच पुढे झालं नाही. ओव्हरसियरांनी काठी दुसऱ्याच्या हाती दिली आणि जमादारांना मापावरून काढून मजुरांत घातलं.

परवा मुलीच्या कॉलेजात पालकांची सभा होती. विद्यार्थ्यांना समाजसेवा सक्तीची करावी का, असा विषय. मी हिशेबी माणूस, म्हणून त्यांनी माझं मत विचारलं. सक्तीने माझ्याकडून पंचाहत्तर घनफूट काम झालं, एवढंच मला खात्रीने सांगता आलं असतं.

समारोपानंतरच्या गुरुवारी मी सायकलने तळ्यावर गेलो होतो. मजुरांची सुट्टी झाली होती. जमादार एकटेच आमच्या खड्ड्यात खणत होते. मी करू का, असं मी काठावरूनच विचारलं. सायकल हातातून सोडली नव्हती.

"तुम्ही अभ्यास करा भिया. हे मी काढतो. गावाचं पाणी कमी नको पडायला."

मी परत फिरलो. फॉर्म भरला, पास झालो. आम्हा पाच जणांकडे राहिलेली सव्वाशे घनफूट माती जमादारांनी आठवडाभरात एकट्याने काढली आणि गावाचं देणं चुकतं केलं.