नाल्यापलीकडचं लाल लुगडं

मंडळी, कॅमेऱ्यातलं कळणाऱ्या कुणीतरी लगेच उत्तर द्या.

आई नाल्यापलीकडच्या टेकडीवर एकटी राहते. तिथे रेंज नाही, आणि नाल्याला पूर आहे. रोज सकाळी ती कुंपणावर लाल लुगडं टाकते, दिवेलागणीला काढते. त्यावरून मला कळतं, ती बरी आहे.

काल लुगडं काढलंच नाही. मोबाइलने झूम केलं तर फोटो फुटतो.

आज शहाद्याचा दुकानदार म्हणाला, "हाऊ मोबाइल लई जा भाऊ, शंभर पट झूम शे." त्यातून चौकातली पाटी बघितली. तीही फुटली.

खिशात मावणारा, लांबच्या ऑप्टिकल झूमचा कॅमेरा कोणता घेऊ? कुणाचा जुना असला तरी द्या.

लुगडं मला नुसत्या डोळ्यांनी दिसतंय. ते काढणारा हात बघायचाय.