अडखळण्याचा सराव

रेडिओ केंद्रावर तिला मागून सगळे पूर्णविरामबाई म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. इतकी वर्षं रोज सकाळी माईकसमोर बसूनही तिच्या तोंडून कधी 'अं' निघाला नव्हता, 'म्हणजे' नाही, आणि 'काय आहे ना' तर नाहीच नाही. वाक्य सुरू झालं की नाकासमोर चालायचं आणि शेवट आला की थांबायचं.

हे काही ती जन्मतः घेऊन आली नव्हती. नोकरीला लागली तेव्हा तिच्या वर एक जुने निवेदक होते, मास्तर म्हणत त्यांना. रजा मागायला गेलं आणि 'मला उद्या, म्हणजे, जरा' असं काहीतरी निघालं, की मास्तर मान वर न करताच म्हणत, "परत पहिल्यापासून." वाक्य स्वच्छ येईपर्यंत रजा नाही. सख्ख्या बहिणीच्या लग्नाची रजासुद्धा तिला रडकुंडीला आल्यावर मिळाली. पुढे ही सवय अशी अंगात मुरली की नवरा म्हणायचा, "तुझ्याशी भांडण्यात काही मजा नाही. बातम्या ऐकल्यासारखं वाटतं."

आणि आता, केस पिकल्यावर, नवे कार्यक्रमप्रमुख तिला समोर बसवून अडखळायला सांगत होते.

"म्हणजे कसं आहे ना मॅडम, श्रोत्यांचे, अं, फोन येतायत. त्यांना वाटतंय आपण मशीनचा आवाज लावलाय. तुम्ही फारच, म्हणजे, स्वच्छ बोलता."

"मग मी माणूस आहे असं सांगा त्यांना."

"ते, काय असतं ना, सांगून पटत नाही. मधेमधे एखादा 'अं' टाका. नाहीतर सकाळची वेळ मला, म्हणजे, बघावं लागेल."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या माणसाला मास्तरांनी जन्मभर रजा दिली नसती, तो तिला बोलायला शिकवत होता. पण सकाळची वेळ म्हणजे तिचा जीव होता. लोक तिच्या आवाजावर घड्याळं लावत, पोरांना अंथरुणातून ओढत. ती वेळ गेली की उरतात दुपारच्या जाहिराती. म्हणून तिनं राग गिळला आणि घरी सरावाला बसली.

मुलगी समोर बसून ऐकत होती. "आई, तू 'अं' कागदावर लिहून घेतलायस?"

"मग कुठे घ्यायचा ते कसं कळणार?"

मुलीनं कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी प्रक्षेपण सुरू झालं. "नमस्कार. अं. सात वाजले आहेत. म्हणजे. ऐका एक गीत." प्रत्येक 'अं' असा खणखणीत आला, जणू गावातल्या कुणा मान्यवराचं नाव घेतलंय. काचेपलीकडचा तंत्रज्ञ टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकला तो बराच वेळ वर आला नाही. त्या दिवशीही फोन आले. मशीन बिघडलंय, दुरुस्त करा, असं लोकांचं म्हणणं होतं.

आठवडा असाच गेला. रोज नवा 'अं', रोज नवी शोभा. कार्यक्रमप्रमुख जिन्यात दिसले की घड्याळाकडे बघत निघून जात, आणि तिला वाटे, काय ते एकदा सांगून तरी टाका.

मग एका सकाळी गाणं चालू असताना शिपायानं निवेदनाचा कागद आणून ठेवला. आयत्या वेळी आलेला कागद आधी नजर न टाकता सरळ वाचून दाखवायचा, ही तिची ऐट होती. लाल दिवा लागला.

"श्रोतेहो, एक निवेदन. उद्यापासून सकाळचा हा कार्यक्रम सादर करतील..."

पुढे नाव होतं. संध्याकाळच्या कार्यक्रमातल्या खिदळणाऱ्या पोरीचं.

"अं..." तिच्या तोंडून निघालं. "सादर करतील, म्हणजे... अं..."

मग तिनं ते नाव घेतलं, स्पष्ट घेतलं, आणि गाणं लावलं.

दार ढकलून कार्यक्रमप्रमुख आत आले, चेहरा खुललेला. "वा मॅडम. हेच, अं, हेच सांगत होतो मी. किती नैसर्गिक आलं. हे आधी जमलं असतं ना, तर हा कागद, म्हणजे, काढावाच लागला नसता."

तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. एवढा संताप तिला कधी आला नव्हता, आणि आवाज मात्र नेहमीसारखाच सरळ होता.

"हा कागद आधी हातात दिला असता, तर आधीच जमलं असतं. मला काढलंय हे मला तुम्ही सांगायचं होतं. ते मी गावाला सांगायचं नव्हतं."

"नाही, मॅडम, म्हणजे कसं आहे, अं, मी तुम्हाला..."

"परत पहिल्यापासून," ती म्हणाली.

ती वाट बघत राहिली. गाणं संपलं तरी ते वाक्य काही आलं नाही, तेव्हा तिनं हेडफोन चढवले आणि किती वाजले ते गावाला सांगितलं.