मेंढरांनी सोडलेली जागा

या सदरातले अनुभव मी वर्षानुवर्षं वाचतोय आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना हसलोय. मी खोडदचा. आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या त्या अवाढव्य अँटेना आमच्या बांधावरून दिसतात. अठ्ठावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पोरांच्या अंगात नेमकं परीक्षेच्या आदल्या दिवशीच कसं येतं, हे मला चांगलं ठाऊक आहे! तेव्हा असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आणि या गोष्टीत भूत नाहीच... असतं तर बरं झालं असतं, सगळं त्याच्यावर ढकलता आलं असतं.

जागा सांगतो. जुन्नरहून माळशेजकडे जाताना, मढच्या अलीकडे, रस्त्यापासून दहा मिनिटांच्या चढावर एक माळ आहे. इंग्रजांच्या अमलात आमच्या डोंगरातल्या लोकांनी बंड केलं, तेव्हा इथे पलटणीशी लढाई झाली, असं जुनी माणसं सांगतात. तिथे आता स्मृती उद्यान झालंय. मधे दगडी स्तंभ, समोर पेव्हिंग ब्लॉकची मोठी फरशी, कडेने झाडं. उद्यान समितीचा सचिव मी. रिटायर मास्तर म्हणजे गावकीच्या कामाला हक्काचा बैल.

स्तंभासमोर पूर्वी कमरेइतका दगडांचा ढीग होता. तो ठकाजीबाबांच्या घराण्याचा. बाबा पंचाहत्तरीचे धनगर. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरायचे, पावसाच्या आधी परत वर यायचे. बंडवाल्यांना भाकरी आणि निरोप पोचवणारा त्यांचा कुणी पूर्वज या माळावर गोळी लागून पडला होता. तेव्हापासून जाताना एक आणि येताना एक दगड त्यांच्या घरातला माणूस तिथे ठेवतो आणि "आलो रं" म्हणतो. एवढाच विधी.

शिलालेखासाठी मी त्या पूर्वजाचं नाव विचारलं होतं.

"नाव कुनाला ठावं, मास्तर?" बाबा म्हणाले. "नाव ऱ्हायलं असतं तर दगुड कशाला ठिवले असते?"

गेल्या वर्षी दिवाळीनंतर कोकणात उतरताना त्यांनी एवढंच मागितलं, "ढिगाला तेवढं हलवू नका. त्याचं दुसरं काय बी न्हाई आमच्याकडं."

"बाबा, माझा शब्द आहे," मी म्हणालो.

पुढे उद्घाटनाचे पाहुणे ठरले, आणि ढीग नेमका खुर्च्यांच्या मधोमध यायला लागला. एका सकाळी साइटवर मी आणि जेसीबीचा ऑपरेटर, दोघंच होतो. ऑपरेटर पिंपरी पेंढारचा. त्याने विचारलं, "सर, ह्या दगडांचं काय करायचं?" ढिगापासून पंधरा-वीस पावलांवर एक खड्डा होता, भरून घ्यायचाच होता. मी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणालो, "लोट त्यात." वर मुरूम पडला, रोलर फिरला, आठवड्यात ब्लॉक बसले. खड्डा नेमका कुठे होता ते आम्हा दोघांनाच माहीत. समितीला मी सांगितलं की, ढीग सन्मानाने हलवलाय. कुणी जास्त विचारलं नाही.

मे महिन्यात निरोप आला – बाबा घाट चढले. मी काय करावं? ओढ्यातले ट्रॉलीभर दगड आणवले आणि कंपाउंडच्या कोपऱ्यात नवा ढीग रचला. जुना दिसावा म्हणून त्यावर शेणपाणी शिंपडलं. वर भंडाराही उधळला, माझ्या हाताने. हे लिहितानाही कानशिलं तापतायत.

बाबा आले ते सकाळी साडेआठच्या सुमारास. मी कोपरा दाखवला. "बाबा, फरशीसाठी हलवावा लागला. पण एकेक दगड हाताने उचलून ठेवलाय."

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "लई केलंत, मास्तर. आमच्यासाठी कोन करतं एवढं!" म्हणत ते चक्क माझ्या पायाशी वाकले. माझ्याहून कितीतरी मोठा माणूस... मी "अहो, अहो" म्हणालो खरा, पण पाय मागे घेतले नाहीत.

आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं! पण मला स्मरणिकेसाठी फोटो हवा होता. म्हटलं, "मेंढरं वर आणा, ढिगापाशी छान फोटो येईल." मेंढरं कधीच वर येत नसत. बाबा एकटे चढून यायचे, कळप खाली रस्त्याकडेला त्यांच्या सुनेपाशी थांबायचा. बाबांनी हाळी दिली आणि सुनेने दीड-दोनशे मेंढरं वर घातली.

फाटकातून मेंढरं फरशीवर शिरली. मी मोबाईल धरून उभा, फोटो काढत. आणि फरशीच्या एका बाजूला, खळ्याएवढ्या जागेपाशी, पुढची मेंढरं थबकली. मग दोन्हीकडून वळून पुढे गेली. मागची आली, तीही वळली. दाटी झाली, एकमेकांवर रेलायला लागली, तरी त्या गोलात एक पाय पडेना. मेंढरू पुढच्याच्या मागे जाणारं जनावर आहे, हे मलाही कळतं. पण महिन्याभराची कोकरं, जी आईलाही जुमानत नव्हती, तीसुद्धा कडेकडेने पळत होती. खाली सगळीकडे सारखेच ब्लॉक, सारखाच मुरूम. मी कुंपणापासून मनात पावलं मोजली. तो खड्डाच होता. जुन्या ढिगाची जागा पलीकडे होती, तिथून मेंढरं खुशाल चालली होती.

आणि कोपऱ्यातल्या ढिगावर कोकरं उड्या मारत होती. एक तर तिथेच मुतलं.

बाबांनी ढिगाकडे पाहिलं. मग त्या मोकळ्या गोलाकडे. मग माझ्याकडे. मी मोबाईलमध्ये डोकं घातलं.

ते मेंढरांतून वाट काढत गोलात गेले, कनवटीचा दगड काढून ब्लॉकवर ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "आलो रं." सुनेने कुणी न सांगताच मेंढरं बाहेर काढली.

मी शिव्यांची वाट पाहत होतो. शाप दिला असता तरी चाललं असतं, शापावर माझा विश्वास नाही. पण बाबा माझ्यापाशी आले आणि हात जोडून म्हणाले, "मास्तर, माफ करा. मेंढरांनी तुमची नवी फरशी घान केली." मग त्यांनी कडेच्या करवंदीची डहाळी मोडली आणि वाकून सगळ्या लेंड्या झाडून काढल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अर्धा तास तरी लागला असेल. मी सावलीत उभा होतो.

नंतर ऑपरेटरला फोन केला. तो देवाची शपथ घेऊन म्हणाला, कुणाला बोललो नाही. आणि बोलला असता तरी मेंढरांना कोण सांगणार? ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. वास असेल, म्हणाले. दोन हात मुरमाखालच्या दगडांचा कसला वास? तेही हसले. फोटो अजून मोबाईलमध्ये आहे, गोल स्पष्ट दिसतो. मी तो कुणालाही दाखवलेला नाही.

उद्घाटन झालं. मी भाषण केलं, अनाम वीरांवर. टाळ्या पडल्या. बाबांनी ठेवलेला दगड खुर्च्या मांडताना कुणीतरी उचलून टाकला होता. मी पाहिलं होतं.

यंदा दिवाळीनंतर बाबा मेंढरं घेऊन खालच्या रस्त्याने गेले. वर आले नाहीत.

मेंढरांनी ती जागा का सोडली, याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही. पण त्या सकाळी एक म्हातारा माझी फरशी झाडत होता, आणि त्याच्या हातातली डहाळी मी का घेतली नाही, हे मला कुणी विचारलं तर... ते मला माहीत आहे. घेतली असती तर त्याच्याकडे बघावं लागलं असतं.