माझी टाच आणि बुढीच्या जांभळ्या चपला

मी चौथीपर्यंत शिकलो, तीही अर्धीच. त्यामुळे इथं काही चूक दिसली तर ती मास्तरची समजा. पण टाच माझी आहे, आणि तिच्याबद्दल माझ्याहून जास्त कोणाला कळत नाही. गोंदियाच्या डॉक्टरलाही नाही.

डाव्या पायाची टाच. सकाळी खाटेवरून उतरून पहिलं पाऊल टेकवलं की बाभळीचा काटा आत मोडून राहिल्यासारखं होते. वीस पावलं चाललं की कमी होते, आणि बसून उठलं की पुन्हा पहिल्यापासून. मी खरंच काटा समजलो. सुईनं कोरून पाहिलं, बुढीनंही कोरलं. बुढी म्हणजे माझी बायको. दोघांनी मिळून टाचेला चांगलं भोक पाडलं, काटा काही निघाला नाही.

"काटा नाही जी," बुढी म्हणाली, "तुमचा हट्ट डोक्यात मावेना, तो खाली उतरला."

मग उपाय सुरू झाले. रुईचं पान तापवून बांधलं. तापल्या विटेवर पाय ठेवला. मिठाच्या पाण्यात बसलो. बाजारात एक जण कसलं तरी तेल विकत होता, ते आणून चोळलं. टाच होती तशीच राहिली, गावातला एक कुत्रा मात्र आठ दिवस माझा पाय हुंगत मागं फिरला.

हे सगळं चोरून चाललं होतं. कारण माझा पोरगा. त्याचं कोहमाऱ्याला ट्रकच्या टायरचं दुकान आहे. टायर तो लांबून ओळखतो, पण धान आणि गवत यातला फरक त्याला जवळून कळत नाही. रोवणीच्या, म्हणजे धान लावायच्या, आधी त्यानं मला समोर बसवून सांगितलं, "बाबा, तुमी चालता तोवर बांध्या तुमच्या. ज्या दिवशी धुऱ्यावर फिरणं होणार नाही, त्या दिवशी ठेक्यानं देऊन टाकू." बांधी म्हणजे आमच्याकडचं धानाचं खाचर, आणि धुरा म्हणजे त्याचा बांध. अशा चार बांध्या आहेत माझ्या.

मला राग आला. मी म्हणालो, "दे!"

आता शब्द गेला तो गेला. मी शब्द फिरवत नाही. त्यामुळे टाच लपवणं भाग होतं. बुढीलाही ताकीद दिली, पोराजवळ तोंड उघडायचं नाही.

शेवटी पंपाचा पट्टा आणतो म्हणून सांगून एस.टी.नं गोंदियाला गेलो. डॉक्टरनं अंगठ्यानं टाच दाबली. मी ओरडलो तसा तो खूश झाला. "बाबा, एडी में सूजन है. नंगे पैर चलना बंद. नरम चप्पल पहनो, घर में भी."

"घर में चप्पल?" मी म्हणालो. "घर में बुढी है."

तो हसला, पण त्यानं बुढी पाहिलेली नाही. आमच्या सारवलेल्या ओसरीवर चप्पल घेऊन चढलेला माणूस अजून जन्मला नाही.

तरी दुकानात गेलो. सगळ्या चपला दाबून पाहिल्या. गड्यांच्या चपला सगळ्या लाकडासारख्या. एकच जोड लोण्यासारखा मऊ होता, आणि तो जांभळा, वर पिवळं फूल. दुकानदार म्हणाला, "अम्मा के लिए?"

चार गिऱ्हाइकं पाहून राहिली होती. "हो," मी म्हणालो, "अम्मा के लिए."

घरी पिशवी लपवायच्या आधीच बुढीनं ती उघडली. चपला हातात घेऊन तिनं उलटसुलट करून पाहिल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तिच्यासाठी कधी सुपारीसुद्धा आणली नव्हती. मग पदरानं फूल पुसत म्हणाली, "माह्या पायाचं माप कसं माहीत जी तुमाले?"

आता काय सांगावं? बुढीचे पाय मोठे आहेत, माझ्याएवढेच, हे त्या दिवशी कामी आलं. मी म्हणालो, "मले सगळं माहीत असते."

त्या चपला घालून ती गावभर फिरली. भजनाला गेली, दळण दळायला गेली, ज्या घरी तिचं बोलणं नव्हतं तिथंही जाऊन आली. पंपाचा पट्टा कुठं आहे, हे मात्र कोणी विचारलं नाही. आणि मी, ती झोपून असताना पहाटे त्या चपला घालून गाईच्या कोठ्यात फेऱ्या मारायचो. काय सुख होतं ते! गाय माझ्याकडे पाहायची, पण गाय कोणाला सांगत नाही.

राहिला धुरा. धान गर्भावर आलं की आमच्या घरी कोणी पायात काही घालून धुऱ्यावर चढत नाही. माझा बाप चढला नाही, त्याचा बापही नाही. पोटुशी बाई घरात असताना जसं दबकून वागतात, तसंच ते. तर धुऱ्यावर अनवाणी, तिथं दुखणं चालून कमी व्हायच्या जागी वाढतच जायचं, आणि दर दहा पावलांवर थांबल्याशिवाय गत नाही. लोक पाहणार, काऊन थांबला? म्हणून मी थांबलो की खाली बसायचो आणि खेकड्याचं बिळ शोधायचो. बिळ असेल तर चिखलानं बुजवायचो, नसेल तर नुसता चिखल थापायचो.

झालं काय, की माझ्या बांध्यांतलं पाणी टिकलं आणि शेजाऱ्याचं झिरपलं. शेजारी गावभर सांगत सुटला, "या बुढ्यासारखा धुरा पाहणारा नाही गा कोणी! अर्धा-अर्धा घंटा बसून पाहाते!" मी मिशीवर हात फिरवला. तिथंच चुकलं.

पाऊस उघडला, धानाला पाणी हवं होतं, आणि चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी दुसऱ्या दिवशी सुटणार असं ठरलं. गेटपासून आमच्या शिवारापर्यंत नहराचा, म्हणजे कालव्याचा, काठ कुठं फुटला आहे, ते कोणी तरी पाण्यासोबत चालत जाऊन पाहायचं होतं. देवळासमोर लोक बसले होते. शेजारी उठला. "बुढाच सही आहे! दुसऱ्याचं काम नाही."

पोरगा त्या दिवशी नेमका गावात होता, तोही तिथंच बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "बाबा, होते का तुमच्यानं?"

"कायले नाही होणार?" मी म्हणालो. "उद्याच जाऊन राहिलो."

दुसऱ्या दिवशी बुढी, लांबच्या वाटेनं झिजतील म्हणून चपला घरी ठेवून, तिच्या मावशीकडे गेली; ती संधी साधून मी त्या जांभळ्या चपला पिशवीत टाकल्या. गावाबाहेर आलो आणि घातल्या. खोटं कशाला बोलू, नहराच्या काठानं मी पोरासारखा चाललो. दोन भगदाडं दिसली, त्यांच्यावर फांद्या रोवल्या. दुपारी पाण्याच्या मागोमाग माझ्या बांधीपाशी पोचलो. तिथं चपला काढून काठावर नीट ठेवल्या आणि पाणी बांधीत घ्यायला अनवाणी धुऱ्यावर चढलो. वीस पावलांत टाचेनं जीव घेतला. धानाच्या आडोशाला बसलो, तो उठताच येईना.

तेवढ्यात नहरावर पाणी पाहायला आलेल्या लोकांत ओरडा झाला. शेजाऱ्याचा आवाज. "अरे धावा गा! बुढी बुडाली! तिच्या चपला आहेत इथं!"

गावात त्या चपला न ओळखणारा एक माणूस उरला नव्हता. धपाधप उड्या पडल्या. धानातून मान वर काढून पाहतो, तर माझा पोरगा छातीएवढ्या पाण्यात, अंगावर शर्ट-पँट तशीच, आणि हातानं तळ चाचपून राहिला. "आई! आई वो!" असा ओरडत होता. मी "अरे, नाही, नाही!" म्हणून राहिलो होतो, पण ऐकतो कोण? दोन वेळा उठायला गेलो, दोन्ही वेळा बसलो.

इतक्यात मावशीकडून परतणारी बुढीच काठावरून आली, अनवाणी, गर्दी पाहून घाबरलेली. "कोण बुडलं जी?"

शेजारी तिच्या पायांकडे पाहायला लागला. तिनं चपला पाहिल्या. "माह्या चपला इथं कायले?"

मी गुडघ्यावर रांगत धुऱ्यावरून काठापाशी आलो. सांगायला खोटं एक नाही, चार तयार होती. पण पोराच्या दाताला दात लागत होते, ऊन असतानाही.

"म्याच आणल्या," मी म्हणालो. "माह्यासाठीच घेतल्या होत्या. टाच दुखते. चालणं होत नाही."

बुढी म्हणाली, "म्हणजे माह्यासाठी नाही?" या सगळ्या भानगडीत टाचेपेक्षा जास्त लागलं ते एवढंच.

पोरगा पाण्याबाहेर आला. शर्ट पिळत म्हणाला, "मंग आता बांध्या?"

"दे म्हणालो होतो. दे ठेक्यानं." मला थांबायचं होतं, पण तोंड थांबलं नाही. "तुले येत नाही म्हणूनच देऊन राहिला ना? माही टाच तर आत्ता दुखून राहिली. तू तर दोन्ही टाचा चांगल्या असून कधी धुऱ्यावर चढला नाही."

शेजारी पुढं सरकला. "मी घेतो ना गा ठेक्यानं. चारही घेतो."

पोरानं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वरच्या दोन घ्या काका, पुढच्या हंगामापासून," तो म्हणाला. "या दोन नाही."

चपला बुढीनं परत दिल्या नाहीत. "दिल्या त्या दिल्या," म्हणाली, आणि मला हाताला धरून गोंदियाला नेलं. दुकानदाराच्या तोंडावर सांगितलं, "बुढ्यासाठी नरम दाखवा." काळा जोड मिळाला. ओसरीवर घालायची परवानगी मिळाली, पण रोज धुवून. टाच अजून दुखते, आता चारचौघांत दुखते.

पोरगा दुकान उघडायच्या आधी येते आता. पहिल्या दिवशी त्यानं काठावर बूट काढले, पँट दुमडली आणि हात पसरून, तोल सांभाळत धुऱ्यावर चढला. मी काठावर खाट टाकून बसलो होतो.

"पाणी किती ठेवू, बाबा?"

"चार बोटं."

तो वाकला, थांबला. "कोणाची बोटं? तुमची का माही?"

इतक्या वर्षांत मी बापाला हे कधी विचारलं नव्हतं. मी माझी बोटं पाहिली, लांबून त्याची पाहिली.

"तुहीच बोटं ठेव," मी म्हणालो.