शिकवणी कधी, साहेब?

"जॅकेट काढा बरं आता. वास बसतो त्याला."

पेपरात द्यायचा फोटो काढून झाला होता. माझा एक पाय अजून नावेतच होता, तेवढ्यात बोट क्लबचे सेक्रेटरी हे बोलले. आम्ही अकरा बाया. नांदेडजवळच्या धरणाच्या काठावर राहणाऱ्या, मासे धरणाऱ्या, भोयांच्या. नारिंगी जॅकेटं घालून आम्हाला शिडाच्या पांढऱ्या नावांत बसवलं. हसा म्हणाले, हसलो. नावा धक्क्याला बांधलेल्याच होत्या. एकीचीही दोरी सोडली नाही. मग जॅकेटं गोळा केली आणि आमच्यासमोरच साबणाच्या पाण्यात बुडवली.

मी काही गरीब बापडी नाही. चौदाव्या वर्षापासून थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकते. डोक्यावर पाटी घेऊन दारोदार हिंडले. आज माझा स्वतःचा टेम्पो हदगावच्या, देगलूरच्या बाजाराला जातो. देगलूरचे व्यापारी आपसात तेलुगूत भाव ठरवतात. मी न कळल्यासारखं ऐकते आणि त्याच्या वरचा भाव घेते. माझ्या तोंडी लागायला माणसं घाबरतात. कुणाचं ऐकून घ्यायची मला सवय नाही. त्या दिवशी घेतलं.

कारण मला ते शीड शिकायचं होतं.

दुपारनंतर धरणावर पश्चिमेचा वारा सुटतो. आमचा तराफा माघारी येतच नाही. दोन हातांत ताटल्या धरून पाणी ओढायचं. खांदे भरून येतात, काठ तेवढाच लांब. आणि त्याच वाऱ्यात क्लबच्या नावा, डॉक्टरांची, बिल्डरांची पोरं बसलेल्या, वाऱ्याच्या तोंडावर चालत जायच्या. सरळ नाही, तिरक्या. इकडून तिकडे, तिकडून इकडे, पण पुढेच. दोन वर्षं मी ते बघत होते. समोरून ढकलणाऱ्या वाऱ्याकडूनच हे लोक काम कसं करून घेतात? असा सौदा मला कधी जमला नव्हता.

म्हणून क्लबने फाटकावर बोर्ड लावला, 'नवे सभासद व्हा, स्थानिकांना फी माफ, प्रशिक्षणाची संधी', तेव्हा वस्तीतल्या दहा बायांना मीच गोळा केलं. फॉर्म भरले. सही केली की कागदाचा मोबाइलवर फोटो काढायचा, ही बाजारात ठेच खाऊन लागलेली सवय. तो काढला.

जॅकेट काढून दिलं आणि विचारलं, "शिकवणी कधी, साहेब?"

ते हसले. "अहो मावशी, तुम्हाला काय शिकवायचं? तुम्ही तर पाण्यातच जन्मलेल्या. उलट तुम्हीच आम्हाला शिकवा."

सगळे हसले. मीसुद्धा. मान दिल्यासारखं बोलून त्यांनी दार लावून घेतलं होतं, आणि ते मला घरी भाकरी थापताना कळलं. पीठ मळलेली परात तशीच ढकलून दिली.

मग तीन रविवार फाटकावर गेले. "बॅच भरली." "मुलांच्या परीक्षा आहेत." तिसऱ्या वेळी मोबाइल पुढे धरला. फॉर्मवर छापलेलं होतं, सभासदाला प्रशिक्षण वर्गाचा हक्क राहील. सेक्रेटरींनी वाचलं. चष्मा काढला. मला आणि सोबत आलेल्या माझ्या थोरल्या जाऊला पहिल्यांदाच खुर्ची दिली. चहा मागवला.

"तुम्ही व्यवहारी बाई आहात," ते म्हणाले. "क्लबच्या कँटीनची मासळी वर्षभर तुम्हा बायांकडूनच घेतो. भाव तुम्ही सांगा. फक्त अकराजणींनी राजीनाम्यावर सह्या करा. वार्षिक सभा तोंडावर आहे, उगाच गोंधळ नको."

जाऊने चिमटा काढला. "घे की गं. कशाला अडून बसून राह्यलीस?"

खोटं कशाला बोलू, भाव ओठावर आला होता. आयुष्यात पहिल्यांदा समोरचा म्हणत होता, तुम्ही सांगा. मी चहाचा कप बाजूला सारला. मी जो आकडा सांगेन तो मासळीचा नव्हता. माझ्या गप्प बसण्याचा होता.

"मासळी न्हाई विकायची मला हितं," मी म्हणाले. "शिकवणी कधी, तेवढं सांगा."

"तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही." त्यांनी कागद जाऊकडे सरकवला. तिने सही केली. आठवड्याभरात बाकीच्या नऊजणींनीही केली. मी त्यांना वस्तीच्या मधोमध उभी राहून शिव्या दिल्या. मला त्याचा पस्तावा नाही.

वार्षिक सभेला एकटी गेले. उभी राहिले, ठराव मांडला. स्थानिक सभासदांचा वर्ग याच महिन्यात सुरू करावा.

"अनुमोदन कोणाचं?" अध्यक्षांनी विचारलं.

पुढच्या रांगेतल्या बाईंनी मोबाइल काढला.

"अनुमोदन नाही. ठराव बाद. पुढचा विषय."

पुढचा विषय सभासदवाढीचा होता. सेक्रेटरींनी नियम वाचला. नव्या सभासदाला एका जुन्या सभासदाची शिफारस पुरे. निघताना मी टेबलावरचे कोरे फॉर्म उचलले. सगळे.

"एवढे कशाला, मावशी?"

"सभासद वाढवायचेत न्हवं तुम्हाला? वाढवून राहिले मी."

पहिला फॉर्म जाऊच्या दारात नेला.

"मासळी बंद करतील गं ते."

"करू दे."

"तुझ्याकडं टेम्पो हाय. माझ्याकडं काय हाय?"

तिने दार लोटलं. मी पुढच्या दारात गेले. तिथंही नाही म्हणाले. आज सात दारं झाली.

शिफारस करणाऱ्याच्या जागी प्रत्येक फॉर्मवर माझी सही आधीच केलेली आहे. आपल्या वस्तीत नाही मिळाली तर पलीकडच्या काठावर जाईन. ठराव पुढच्या सभेत पुन्हा मांडणार, त्याच शब्दांत. अनुमोदनाला एकच हात लागतो.