पिशवी काढली, असं सांगितलं

चाकणला ज्या कंपनीत मी सतरा वर्षं काम करते, तिथे गाड्यांना लागणारी रबराची वायसरं आणि रिंगा बनतात. साच्यातून माल निघाला की त्याच्या कडेला पातळ, वेडीवाकडी जास्तीची झालर राहते. तिला फ्लॅश म्हणतात. ती ब्लेडने काढायची, कडेवरून बोट फिरवायचं, बिघडला असेल तर माल लाल क्रेटमध्ये टाकायचा. हे करून करून डोळ्याला खोड लागली. कुठल्याही वस्तूत जास्तीचं काय आहे ते मला आधी दिसतं.

स्वतःच्या अंगाकडेही मी असंच बघत आले. लग्नानंतर पहिल्याच वर्षी नवरा सहज म्हणाला होता, "तुझं असं लोंबतं का गं?" त्याला आज विचारलं तर आठवणार नाही. मला मात्र तेवीस वर्षं रोज अंघोळीला आठवत होतं. स्टुलावर आठ तास बसून मांड्यांमध्ये, त्या खालच्या जागी काचायचं, स्कूटरवर घासायचं, हे खरं. पण तेवढ्यासाठी मी गेले नाही. मला त्या भागाची किळस यायची, म्हणून गेले.

पिंपळे सौदागरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सरळ सांगितलं, "हे नॉर्मल आहे. प्रत्येकीचं वेगळं असतं. त्रास होतोय, की बघवत नाही?"

"त्रास होतो," मी म्हणाले.

तिथली लोंबती कातडी कापण्याआधी त्यांनी महिनाभर विचार करायला सांगितलं. महिन्याने मी तेच उत्तर घेऊन गेले.

घरी प्रश्न एकच होता, सासूबाईंना काय सांगायचं. नवऱ्याने टीव्हीवरची नजर न काढता तो सोडवला. "पिशवी काढली म्हणून सांग. आपल्यात राहिलीय कुणाची?" तेही खरंच होतं. आमच्या लाइनवरच तिघींच्या गर्भपिशव्या काढलेल्या. रजेचा अर्ज दिला तेव्हा शेजारच्या टेबलवाली म्हणाली, "सुटलीस बाई. आता दर महिन्याचं लचांड नाही." मी हसले. पोटावर टाके कसे नाहीत असं कुणी विचारलं तर 'खालून काढली' म्हणायचं, हेही मी ठरवून ठेवलं होतं.

तयारी फारशी नव्हती. दोन सैल सुती गाऊन, सुती चड्ड्या, फ्रीजमध्ये बर्फाच्या पिशव्या. सकाळी उपाशीपोटी गेले, गुंगीचं औषध देऊन तेवढाच भाग बधिर केला, संध्याकाळी चिंचवडला घरी. गाडीत बसताना एका कुल्ल्यावर टेकले होते.

तिसऱ्या दिवशी पायांमध्ये आरसा धरला. धरायला नको होता. वांग्यासारखं जांभळं, सुजून टम्म, काळे टाके, त्यांवर सुकलेलं रक्त. लघवी करताना बाटलीने कोमट पाणी सोडत राहायचं, नाहीतर जीव जायचा. पॅडला शिळा, आंबूस वास यायचा. तेवीस वर्षं जी किळस मी वागवली ती कापून टाकायला गेले होते, आणि ती दुप्पट होऊन घरी आली होती.

सासूबाई त्याच दिवशी आल्या. चाकणच्या पुढे गावाकडे मोठ्या दिरांकडे असतात त्या. मी त्यांना आत्या म्हणते. येताना डिंकाचे लाडू, ओवा, शेपा आणि चक्क लोखंडी शेगडी घेऊन आल्या. खाटेखाली निखारे ठेवून मला धुरी द्यायची होती.

"डॉक्टरांनी थंड लावायला सांगितलंय, आत्या."

"थंड? तिला काय ठावं. वात धरला मंजी जलमभर कण्हत बसशील."

मी बर्फाची पिशवी मटारच्या पाकिटामागे लपवायची आणि त्या स्वयंपाकघरात असताना लावायची. त्या शेगडी पेटवून उंबऱ्यापाशी बसायच्या, मी नको म्हटलं की तोंड फिरवायच्या. पण माझे डागाळलेले गाऊन त्यांनी मशीनला लावू दिले नाहीत. "बाईचं रगात हाय, मशीनीत न्हाई टाकायचं." बाथरूममध्ये उकिडव्या बसून हाताने धुवायच्या. उठताना दर वेळी भिंत धरायच्या आणि लुगड्याच्या निऱ्या आत दाबायच्या. ते मी पाहत होते. काय आहे ते विचारलं नाही.

आठव्या दिवशी दुपारी नवरा कंपनीत होता. त्या खाली बसून मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुजी खालूनच काढली न्हवं? प्वाट न फाडता?"

"हो."

"माझं बी अंग भाईर येतंय."

मी उशीवरून मान उचलली.

"तुझ्या नवऱ्याच्या बाळातपणापासनं. मुठीयेवढं हाय. फडकं बांधून आत बसवते. बसलं तर बसतंय, न्हाई तर न्हाई." मेथीची जुडी त्यांनी दुसऱ्या बाजूला ठेवली. "कुणाला बोलले न्हाई आजवर. तुजं झालं म्हणून बोलते. तुझ्याच डाक्टरणीकडं नेशील का मला?"

इथे मला खरं सांगायचंय. माझ्या मनात आधी दया आली नाही. आधी किळस आली, त्यांच्या त्या फडक्याची, मुठीएवढ्या गोळ्याची, आणि त्याच हातांनी वळलेले लाडू मी खाल्ले याची. मग भीती. डॉक्टरीणबाई बोलता बोलता म्हणतील, सुनेची पिशवी? ती तर जागेवर आहे.

"आत्या, तुमच्या वयात नाही करत हे," मी म्हणाले. "फार हाल होतात. मला विचारा. जगणं नकोसं झालं होतं."

"व्हय?"

"हो."

"मग ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या, आणि मेथी ओट्याकडे घेऊन गेल्या. दुसऱ्या डॉक्टरकडे नेता आलं असतं, हे तेव्हा सुचलं नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. सुचलं होतं.

दीड महिन्यात मी बरी झाले. डॉक्टरीणबाईंनी छान झालंय म्हणून सांगितलं. झालंही होतं, सरळ, नीट. मी एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं नाही. नवऱ्याला फरक कळला नाही.

गेल्या वर्षी, माझ्या ऑपरेशनला तीन वर्षं झाल्यावर, आत्यांची लघवी तुंबली. गोळा पूर्ण बाहेर आलेला, घासून घासून त्याला जखम झालेली, जखमेला पाणी सुटलेलं. त्यांना तपासायच्या टेबलावर चढवताना मी त्यांचा पाय धरला होता. दवाखाना दुसरा होता; एवढी काळजी मी याही वेळी घेतली. डॉक्टर म्हणाले, "हृदय फार अशक्त आहे, आता ऑपरेशन झेपणार नाही. तीन वर्षांपूर्वी का नाही आणलं?" नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "आईने कधी सांगितलंच नाही," तो म्हणाला. आत्या छताकडे बघत राहिल्या. त्यांनी माझं नाव घेतलं नाही.

जखम भरल्यावर डॉक्टरांनी आत सिलिकॉनची रिंग बसवली, गोळा अडवून धरायला. ती अधूनमधून काढून, धुऊन, पुन्हा बसवायची. त्यांना स्वतःला जमत नाही. मला शिकवलं. आता त्या आमच्याकडेच असतात.

पहिल्यांदा रिंग काढली तेव्हा वासाने मला उमासा आला. त्यांनी तो ऐकला. पाटावर बसून मोरीच्या फरशीकडे बघत होत्या. मी पाठ फिरवून नळाखाली रिंग धरली आणि पाठ फिरवलेलीच ठेवून सगळं सांगितलं. पिशवी काढलीच नव्हती. दिसायला बरं नव्हतं तेवढं कापून घेतलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले, ते माझं उघडं पडू नये म्हणून.

नळ वाहत होता.

"मंजी चांगलं व्हतं त्येच कापलंस," त्या म्हणाल्या.

"हो."

"आन मी तुजं रगात धुत बसले."

मी नळ बंद केला.

"रडू नगंस. थंडी वाजतीय मला. धू ती नीट आन आण हिकडं."

मी रिंग पुसली. सवयीने तिच्या कडेवरून बोट फिरवलं, सगळीकडून. एका जागी बारीकशी झालर होती, बोटालाच कळेल एवढी. तसली रिंग मी कंपनीत कधीच पुढे पाठवली नसती. नखाने ती खरवडत बसले, आणि मागून आत्या म्हणाल्या, "आता आनि काय कापतीस?"